नाव नसलेली ओळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. अशा माणसाने संगणकाच्या सुट्या भागांवर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. माझे खरोखरच जळले आहे. म्हणून बोलतो.

गेल्या महिन्यात लातूरहून आपाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिचे शेंडेफळ, माझी भाची, तिथे एमसीए करते. तिला घरी संगणक हवा होता. लॅपटॉप नको, टेबलावरचा हवा, आणि तोही भाग निवडून जोडून घेतलेला. दुकानदाराने तिला ६२,००० रुपयांचे कोटेशन लिहून दिले होते. त्याचा फोटो भाचीने मला पाठवला आणि मागून आपा म्हणाली, "भय्या, एकदा बघून घे. पैसे जायचे ते जातील, पण तुझ्यासारखं व्हायला नको."

तुझ्यासारखे म्हणजे काय, ते आधी सांगतो.

मी पहिला संगणक घेतला २००६ साली, नांदेडात. तेव्हा एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले होते. कंपनीचा तयार संगणक महाग पडे, म्हणून बहुतेक जण 'असेंबल्ड' घेत. कुणी देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादला जाई, चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग घेई आणि पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आणी. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवी. मी मात्र गावातल्याच एका दुकानातून घेतला. प्रोसेसर कुठला, त्याचा वेग किती, हार्ड डिस्क किती जीबीची, सारे चार जणांना विचारून ठरवले. यादीत खाली एक ओळ होती, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. पुढे कंपनीचे नाव नव्हते आणि किंमत अगदी किरकोळ होती. मी त्या ओळीवरून नजर फिरवली आणि पुढे गेलो. कॅबिनेट म्हणजे डबा. डब्यात काय बघायचे?

तो संगणक मी माझ्या कवितांसाठी घेतला, असे लोकांना सांगत असे. खरे काम वेगळे होते. माझ्या अम्मीला दखनी गाणी पाठ होती. हळदीची, पाळण्याची, जात्यावरची. दखनीत जात्यावरच्या गाण्यांची परंपरा फार जुनी आहे. विजापूरकडच्या सूफींनी बायकांना दळताना म्हणता यावेत म्हणून 'चक्कीनामे' रचले, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. अम्मीला अभ्यासकांचे काही ठाऊक नव्हते. तिला गाणी येत होती. ती खुर्चीशेजारी पलंगावर बसून म्हणायची आणि मी देवनागरीत टंकायचो. वहीत उतरवणे, मग टंकणे, ही दुप्पट मेहनत कशाला, असा मी विचार केला. दोन वर्षांत ६७ गाणी झाली. २००८ साली अम्मी गेली.

त्या वर्षांत राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता आणि मराठवाड्यात भारनियमन रोजचेच होते. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई. २००९च्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज आली, मी बटण दाबले, आणि डब्यातून फटाका फुटावा तसा आवाज झाला. जळक्या वायरीचा वास खोलीभर पसरला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने झाकण उघडून दाखवले. आतल्या पट्टीवरचे छोटे नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगले होते. हार्ड डिस्कच्या खालची हिरवी पाटी एका जागी काळी पडली होती. डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्यांनी संगणकाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च सांगितला. उधारउसनवार करून तोही केला. हाती काही आले नाही.

एका लेखासाठी ११ गाणी छापून घेतली होती, ती कागदावर राहिली. पुढे एका जुन्या पेन ड्राइव्हवर तीन सापडली. बाकीची ५३ गेली.

संगणकाला घाईघाईने दोष देऊ नये. दोष त्या ओळीचा होता. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सौम्य वीज करून देणारी पेटी. मदरबोर्ड, डिस्क, पंखे, सगळ्यांना अन्न तीच भरवते. पेटी चांगली असेल, तर बिघडताना ती स्वतः बंद पडते आणि पुढच्यांना वाचवते. वाईट असेल, तर मरताना शेजाऱ्यांना घेऊन जाते. ज्या एका भागावर बाकी सगळ्यांचा जीव अवलंबून, त्याचे नाव विचारायचे मी विसरलो.

म्हणून या वेळी मी एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो आणि कोटेशन हातात घेऊन भाचीसह दुकानात गेलो.

संगणक असा भाग-भाग जोडून का घेता येतो, हे मला त्याच प्रवासात भाचीने पाठवलेल्या मजकुरातून नीट कळले. १९८१ साली आयबीएम कंपनीला आपला छोटा संगणक लवकर बाजारात आणायचा होता. सगळे भाग स्वतः बनवण्याइतका वेळ नव्हता. म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली आणि बाहेर मिळणाऱ्या भागांतून यंत्र उभे केले. त्याची रचना इतरांनाही कळली, आणि जगभर तसेच भाग बनू लागले. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप ठरवून दिले. त्यामुळे आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटात बसतो, स्क्रूची भोके जुळतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तोही बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक चिपा एकत्र जोडूनच. तेव्हा 'असेंबल्ड' या शब्दाला नाक मुरडायचे कारण नाही. प्रश्न काय जोडता आणि कशासाठी जोडता, एवढाच आहे.

दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्याने विचारले, "सर, बजेट किती?" मी म्हटले, "बजेट नंतर. आधी काम ऐका." आणि भाचीला बोलायला सांगितले. ती म्हणाली, "मला प्रोग्रॅमिंग करायचंय. एकाच वेळी पाच-सहा गोष्टी उघड्या लागतात. गेम खेळायचे नाहीत. आणि मामूंचं मराठी टायपिंग."

मग आम्ही एकेक ओळ वाचायला घेतली.

पहिली ओळ प्रोसेसरची. दुकानदाराने चांगला मधल्या दर्जाचा इंटेलचा प्रोसेसर लिहिला होता, पण नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर होते. भाचीने ते पकडले. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर पडद्यावर चित्र दाखवणारा भाग त्यात नसतो. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. म्हणजे एका अक्षरासाठी पुढे हजारोंचा खर्च. 'एफ' नसलेला प्रोसेसर थोडा महाग, पण तिच्या कामाला तेवढा पुरे. ज्याला मोठे खेळ खेळायचे, चित्रफिती संपादित करायच्या, त्रिमितीय आराखडे काढायचे, त्याने ग्राफिक्स कार्ड जरूर घ्यावे. बाकीच्यांसाठी ते नाकापेक्षा मोती जड. कोटेशनमधले ग्राफिक्स कार्ड आम्ही काढून टाकले. मदरबोर्डावर त्याची जागा रिकामीच आहे. उद्या लागले तर बसवता येईल.

प्रोसेसरबाबत आणखी एक गोष्ट विचारा. तो 'बॉक्स' आहे की 'ट्रे'? बॉक्स म्हणजे कंपनीच्या खोक्यातला. त्याची हमी कंपनी देते. ट्रे म्हणजे सुटा आलेला. तो स्वस्त मिळतो, पण हमी असली तर फक्त दुकानदाराची. उद्या दुकान बंद झाले तर हमीही गेली.

दुसरी आणि तिसरी ओळ मदरबोर्ड आणि रॅमची. या दोघांची सोयरीक आधी जुळवावी लागते. प्रत्येक प्रोसेसर विशिष्ट खाचेतच बसतो, म्हणून मदरबोर्ड त्याच खाचेचा हवा. रॅमचेही तसेच. डीडीआर-४ची पट्टी डीडीआर-५च्या खाचेत बसत नाही, कारण दोन्हींच्या काठावरची खाचच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावू नका. साध्या पत्रव्यवहाराला, इंटरनेटला ८ जीबी रॅम चालते. भाचीसारख्या कामाला १६ हवी. ती शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली. दूर देशात केंद्रे उभी राहतात आणि लातूरच्या दुकानात पट्टी महागते. तुरीचा भाव कुठे कुठे ठरतो हे लातूरकरांना सांगायला नको.

चौथी ओळ डिस्कची. पूर्वीच्या संगणकात घोडे पेंड खायचे ते इथेच. प्रोसेसर कितीही वेगवान असो, फिरणाऱ्या तबकडीवाली हार्ड डिस्क मजकूर हळूहळू आणून द्यायची. आता एसएसडी आली. तीत फिरणारे काहीच नसते. ज्यांच्याकडे सात-आठ वर्षांचा जुना संगणक आहे आणि नवा घ्यायची ऐपत नाही, त्यांनी एवढा एकच भाग बदलून पाहावा. पुष्कळदा तोच संगणक पुन्हा कामाचा होतो.

मात्र जुना वापरलेला संगणक विकत घेताना जपून. मोठ्या कार्यालयांतून काढलेले संगणक आपल्याकडे झाडूनपुसून विकायला येतात. त्यांतले काही उत्तम असतात. पण विंडोज १०चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक कुणी 'नव्यासारखा' म्हणून देत असेल, तर हे आधी विचारा. त्यावर लिनक्स घालून वापरायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

आता ती ओळ. वीस वर्षांनंतरही ती तशीच होती. 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. नाव नाही. फक्त पुढे लिहिले होते, 'आरजीबी फॅन'. म्हणजे डब्याच्या पुढे रंगीत दिवे लावलेले पंखे.

मी विचारले, "एसएमपीएस कुठल्या कंपनीचा?"

तो म्हणाला, "सर, त्यात कंपनी कशाला बघता? ४५० वॅटचा आहे. चालतंय की."

मी पेटी बाहेर काढायला सांगितली. तिच्या अंगावर लेबल असते. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचे आणि १२ने गुणायचे. एवढे गणित बी.ए. झालेल्यालाही जमते. तिथे १५ अँपिअर लिहिले होते. बारा पंधरे १८०. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची बहुतेक भूक १२ व्होल्टवरच भागते. म्हणजे बाहेर मोठ्या अक्षरांत ४५०, आणि कामाचे १८०. मग मी ती पेटी हातात तोलली. हलकी. चांगल्या पेटीत तांबे आणि उष्णता वाहून नेणारे धातूचे तुकडे असतात, म्हणून ती सहसा वजनदार लागते. वजन हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण बाजारात नारळ घेताना आपण हलवून बघतोच ना?

२००४ सालापासून एसएमपीएसवर '८० प्लस' अशी खूण येऊ लागली. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला मिळते, उष्णतेत फुकट जात नाही, असा तिचा अर्थ. ती खूण, नामांकित कंपनी आणि निदान तीन वर्षांची हमी, एवढे तिन्ही असेल तर निवांत घ्यावे. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणक जोरात चालतानाही १०० वॅटच्या आसपासच वीज खातो. पण भाचीला पुढे कार्ड बसवायची मुभा हवी, म्हणून आम्ही खरोखरच्या ५५० वॅटची पेटी घेतली.

दुकानदाराला मी बोल लावत नाही. गिऱ्हाईक जे विचारते, ते तो चांगले देतो. आपण सगळे प्रोसेसर विचारतो, म्हणून तो चांगला प्रोसेसर देतो. स्पर्धा आहे, एकूण आकडा कमी दिसला पाहिजे. मग तो काटकसर कुठे करणार? जिथे कुणी विचारत नाही तिथे. म्हणून यादीत ज्या ओळीपुढे नाव नाही, ती आधी विचारायची. दोन दुकानांचे आकडे पाहताना तर हे फारच जरूर आहे. फरक बहुधा त्याच ओळीत दडलेला असतो.

यादीत एक ओळ मुळातच नव्हती. यूपीएसची. "आता लोडशेडिंग कुठंय?" असे दुकानदार म्हणाला. पूर्वीसारखे नाही, हे खरे. पण वळवाचा पाऊस आला, वारा सुटला की वीज जातेच. कुणाच्या घरी इन्व्हर्टर असतो. त्यावर साधे पंखे-दिवे चालतात, पण बदल होताना जो क्षण जातो तो संगणकाला परवडत नाही. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर 'यूपीएस' स्थितीवर ठेवायची सोय असेल, तर पाहा. नाहीतर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. तो साधारण ३६० वॅट पेलतो आणि दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात हातातले काम जतन करून संगणक नीट बंद करता येतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. हे लक्षात ठेवत नाही म्हणून यूपीएसला नावे ठेवली जातात.

आणखी एक भाग कोणत्याच दुकानात मिळत नाही. तो घराच्या अंगणात असतो. अर्थिंग. संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून थोडी वीज डब्यावर येते. ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंग नसेल, तर ती आपल्या अंगातून वाट शोधते. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तेव्हा खड्ड्यात पाणी घालायचे कुणाच्या मनातही आले नसेल, आणि ते बरोबरच. पण एरवी उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, सुकते, आणि अर्थिंग नावापुरतीच राहते. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्यावी. आपाच्या घरी तपासली. तिसऱ्या भोकात तारच जोडलेली नव्हती. ६२,००० रुपयांचे यंत्र आणि तार चार हातांची.

कॅबिनेट निवडताना ऊन आणि धूळ आठवा. नांदेड-लातूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. खोलीच जर ४० अंशांवर असेल, तर डब्यात जाणारा वाराही तितकाच तापलेला. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो. लोकांना वाटते संगणक जुना झाला. पुढून काच आणि रंगीत दिवे असलेल्या डब्यापेक्षा पुढून जाळी असलेला, जाळीमागे काढून धुता येईल अशी गाळणी असलेला डबा घ्यावा. आपाचे घर दाळ मिलपासून फार लांब नाही. तिथे टेबलावर सकाळी बोट फिरवले की संध्याकाळपर्यंत रेघ भरून येते. संगणक जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याचीही पाळी लावा.

हे सगळे झाल्यावर भाचीने हिशोब मांडला. ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिवे गेले. त्या पैशांत चांगला एसएमपीएस, यूपीएस आणि बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आली. एकूण आकडा जवळजवळ तोच राहिला. पक्के बिल घेतले आणि प्रत्येक भागावरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. हमीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

शेवटी मराठीची गोष्ट. एकेकाळी मराठी हा संगणकाचा सुटा भागच होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि त्यातून 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. ते कार्ड आत खोचले की पडद्यावर देवनागरी दिसे. नाही खोचले, तर नाही. नंतर वेगवेगळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट आले. त्यांत लिहिलेले दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. माझ्या पेन ड्राइव्हवरची तीन गाणी अशीच खिचडी होऊन निघाली. भाचीने ती पालटून घेतली. आज युनिकोडमुळे मराठी सगळ्या संगणकांत आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. दखनी शब्दांखालचा नुक्ताही जागच्या जागी येतो. म्हणून अजूनही जे जुन्या फॉन्टमध्ये लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. आपले लिखाण वेळीच युनिकोडमध्ये आणून ठेवा. यंत्र जळाल्यावरच मजकूर जातो असे नाही. यंत्र धडधाकट असतानाही तो वाचता येईनासा होतो.

आणि उत्तमातला उत्तम भागही एक दिवस जातोच. माझा पहिला एसएमपीएस चांगला असता, तर गाणी आणखी काही वर्षे टिकली असती एवढेच. ती खऱ्या अर्थाने टिकली असती ती दुसऱ्या प्रतीमुळे. ज्या दोन वर्षांत मी ६७ गाणी टंकली, त्या दोन वर्षांत एका सीडीवर त्यांची नक्कल काढायला मला अर्धा तास मिळाला नाही. तो दोष दुकानदाराच्या माथी मारता येत नाही. आता आमचा नियम असा : एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक छापलेली माझ्याकडे नांदेडात.

संगणक सुरू झाला त्या संध्याकाळी मी आपाला शेजारी बसवले. ती म्हणाली, "मला कुठं येतात अम्मीसारखी?" मी हळदीच्या एका गाण्याची सुरुवात केली, ती चुकीची केली. तिने लगेच दुरुस्त केली आणि मग थांबलीच नाही. भाची टंकत होती. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच वीज गेली. पंखा थांबला, खोलीत अंधार झाला, यूपीएस टीक टीक करू लागला. आपा दचकून गप्प झाली. मी उठून उभा राहिलो होतो.

पडद्याच्या उजेडात भाची म्हणाली, "अम्मी, म्हण ना पुढची ओळ. काही नाही होत."

आपाने पुढची ओळ म्हटली. गेलेल्या ५३ गाण्यांपैकी तिला आतापर्यंत १४ आठवली आहेत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लातूरला जाणार आहे.